बाजूचा आरसा हलतो, पण नेमका कुठे? जुन्या गाडीच्या साइड मिररची घरच्या घरी दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा: गाडी २००६ सालची मारुती अल्टो. ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा हाताला लटलट लागतो. वेग ७० च्या पुढे गेला की मागच्या गाड्यांचे नुसते थरथरणारे डाग दिसतात. गॅरेजमध्ये ‘अख्खा आरसा बदला’ असं सांगितलं. हा घरच्या घरी घट्ट करता येईल का?

बहुतेक वेळा येतो. मूळ आरसा शक्य तोवर टाकूनही देऊ नये, कारण त्याचा पाया आणि आतली स्प्रिंग बाजारातल्या स्वस्त नकलेपेक्षा बहुधा दणकट असते. पण दिसला स्क्रू की पिळला, असं करू नका. दाराचा पत्रा आणि काच यांच्यामध्ये चार सांधे आहेत. त्यातला नेमका कुठला सैल आहे ते आधी शोधायचं. ते न शोधता बाकीचे तीन आवळले तर हाती काही लागत नाही, उलट चांगलं प्लास्टिक तडकतं.

पहिला सांधा पाया आणि दाराचा पत्रा यांच्यातला. दुसरा पाया आणि आरशाचं डोकं यांच्यातला, म्हणजे जिथे आरसा मिटतो ती घडी. तिसरा डोक्याच्या आत, काच वर-खाली, डावी-उजवी फिरवणारा चेंडू आणि त्याची वाटी. चौथा काच आणि तिच्या पाठीमागची प्लास्टिकची प्लेट यांच्यातला. मारुती ८००, झेन, पहिली वॅगनआर, पहिली सँट्रो या साऱ्यांची रचना थोड्याफार फरकाने अशीच, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

शोधायची रीत साधी आहे. गाडी बंद करा. एका हाताच्या तर्जनीचं पेर सांध्यावर आडवं टेकवा: अर्धं पेर सांध्याच्या या बाजूला, अर्धं त्या बाजूला. दुसऱ्या हाताने आरशाचं डोकं अगदी हळू, दोन-तीन मिलिमीटर हलवा. सांधा सैल असेल तर पेराखाली एक बाजू सरकते आणि दुसरी जागेवर राहते. डोळ्यांना न दिसणारी ही पायरी बोटाला लगेच कळते. आधी पत्रा-पाया, मग पाया-डोकं असं तपासत जा. शेवटी काचेच्या चारही कोपऱ्यांवर बोटाने हलकेच दाबा. कोपरा दबून परत येताना ‘टक’ असा आवाज आला तर काच प्लेटपासून सुटली आहे.

गाडी चालवतानाच्या खुणाही बोलक्या असतात. दार आपटल्यावर आरसा डुलत असेल तर संशय पायावर. वेग वाढेल तसा आरसा हळूहळू खिडकीकडे मिटत असेल तर घडीची स्प्रिंग ढिली. खड्ड्यातून गेल्यावर काच मान टाकत असेल आणि डोकं मात्र जागेवर असेल तर चेंडू-वाटी. चित्र फक्त थरथरतं, कोन बदलत नाही, तर बहुधा काच आणि प्लेट.

एक सावधगिरी. गाडी जागेवर उभी, इंजिन सुरू आणि आरसा धूसर, पण रेस थोडी वाढवली की चित्र स्थिर, असं होत असेल तर आरशाला दोष देऊ नका. अल्टोचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं. आयडलला, म्हणजे रेस न देता मिनिटाला ८५० फेऱ्यांवर (आरपीएम), ते सेकंदाला साधारण २१ धक्के देतं. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्या माउंटिंगचं रबर दबून गेलं असेल तर हे धक्के थेट बॉडीत उतरतात आणि घट्ट आरसाही थरथरतो. दोन्ही बाजूंचे आरसे आणि आतला आरसा एकत्र धूसर होत असतील तर आधी माउंटिंग तपासून घ्या.

आता पाया. सर्वांत जास्त वेळा दोष इथेच निघतो. दाराच्या आत, काचेच्या पुढच्या कोपऱ्यात जे त्रिकोणी प्लास्टिकचं कव्हर असतं, त्याच्यामागे स्क्रू असतात. कव्हर क्लिपांवर दाबून बसवलेलं असतं. एखाद्या कडेला स्क्रू आहे का ते पाहा, मग प्लास्टिकची पट्टी किंवा कापड गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर कडेखाली घालून सरळ स्वतःकडे ओढा. तिरकं ओढलं तर जुन्या क्लिपेचा दांडा मोडतो. आतून आरसा फिरवायची दांडी असेल तर तिच्यावरचं रबर काढून आधी ती कव्हरपासून मोकळी करा. तिला जोडलेल्या बारीक केबल दुमडल्या की पुन्हा सरळ होत नाहीत. कव्हर तसंच हिसकलं तर घट्ट करायला गेलेला माणूस केबल तोडून बसतो.

त्रिकोणाखाली दाराची पोकळी आहे. स्क्रू निसटला तर तो थेट दाराच्या तळाला जातो आणि मग दाराचं आतलं आवरण (डोअर पॅड) उघडावं लागतं. म्हणून तिथे आधी जुनं फडकं कोंबा. खिडकीची काच पूर्ण खाली घ्या. स्क्रू बहुधा फुलीचे असतात. २ नंबरचा, टोक न झिजलेला स्टार स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पिळण्यापेक्षा दाब जास्त द्या. जपानी धाटणीच्या गाड्यांतल्या फुलीचा आकार साध्या फिलिप्सपेक्षा किंचित वेगळा असतो. दाब कमी पडला की टोक वर सरकतं आणि फुली घासून जाते. काही गाड्यांत तिथे १० नंबरचे नट असतात, ते तर आणखी सोपे.

स्क्रू फक्त ढिले असतील तर एकेक अर्धा फेरा देत आळीपाळीने आवळा. एकच आधी पूर्ण आवळला की पाया तिरका बसतो आणि बाकीचे घट्ट वाटूनही घट्ट नसतात. हाताला अडकला की फार तर पाव फेरा, बस. ५ मिलिमीटरच्या स्क्रूला एवढं पुरतं.

आवळूनही पाया डुलतोय? मग स्क्रू पूर्ण काढा, पण शेवटचा काढताना बाहेरून आरसा कुणाला तरी धरायला सांगा, नाहीतर तो दारावर घासत खाली येईल. पाया आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचं पातळ पॅकिंग असतं. इतक्या वर्षांच्या उन्हाने ते कडक होऊन चुरा होतं. पॅकिंग गेलं की प्लास्टिक पत्र्यावर दोन-तीन ठिकाणीच टेकतं. असा पाया कितीही आवळा, डुलणारच, शिवाय पाणी आत येतं आणि वाऱ्याची शिट्टी वाजते. नवीन पॅकिंग घरी होतं: पायाचा आकार कागदावर उतरवा आणि दीड ते दोन मिलिमीटर जाडीची रबर शीट कापा. सायकलची ट्यूबही चालते, पण ती साधारण एक मिलिमीटरच असते, म्हणून दोन थर लागतील. स्पंजसारखं मऊ फोम मात्र नको. ते दबतच राहतं आणि स्क्रूला अडायला जागा मिळत नाही.

आटे गेले असतील तर जाड स्क्रू ठोकायचा मोह आवरा. प्लास्टिकच्या खुंटीत जाड स्क्रू गेला की खुंटी उभी चिरते, मग तिथे काहीच धरत नाही. आधी खरंच आटे गेलेत का पाहा. स्क्रू भोकात ठेवून हाताने उलटा, म्हणजे सैल करायच्या दिशेने फिरवा. एका जागी बारीक ‘टक’ होऊन स्क्रू किंचित खाली बसतो, तिथे जुना आटा सापडला. आता सुलट फिरवा. अर्ध्या वेळा स्क्रू पुन्हा धरतो, कारण आटे गेलेले नसतात, आदल्या वेळी कुणीतरी स्क्रू वाकडा चढवलेला असतो. प्लास्टिकचा कुठलाही स्क्रू परत बसवताना ही सवय ठेवा.

खरोखर गेले असतील तर भोक कोरडं करून त्यात अरल्डाइट, म्हणजे दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद, भरा (दोन्ही नळ्यांतून सारखं प्रमाण, एकजीव होईपर्यंत घोटून). स्क्रूला मेण किंवा ग्रीसचा पातळ हात द्या, सरळ बसवा आणि चोवीस तास हात लावू नका. पाच मिनिटांत वाळणारं अरल्डाइट इथे कमी पडतं, उन्हाने तापल्यावर ते लवकर मऊ होतं. मग स्क्रू काढून पुन्हा बसवा, आटे तयार असतात.

पत्र्यातलाच नट सुटून गरगर फिरत असेल किंवा भोकाभोवती पत्रा चिरला असेल तर काम थोडं मोठं. गंज पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, रेड ऑक्साइड प्रायमर लावा आणि रिव्हेट नट (रिव्हेटसारखा पत्र्याच्या भोकात दाबून बसवायचा नट) बसवा. ५ मिलिमीटरच्या नटाला भोक ७ मिलिमीटरचं लागतं, ६ च्या नटाला ९ चं. चीर असेल तर आतून दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी भोकं पाडून घाला, म्हणजे ताण एका भोकावर न येता पट्टीभर पसरतो. नवीन स्क्रूची लांबी जुन्याइतकीच हवी. दोन-चार मिलिमीटर जास्त झाला तर त्याचं टोक खिडकीच्या काचेला किंवा तिच्या चॅनलला लागतं. काच वर चढवताना ‘कर्र’ आवाज आला तर तिथेच थांबा, दुसऱ्यांदा चढवू नका.

स्क्रूवर थ्रेडलॉकर (स्क्रू थरथरीने सुटू नये म्हणून आट्यांवर लावायचा द्रव) लावावा असं बरेच जण सांगतात. धातूत धातू असेल तिथे निळा, मध्यम ताकदीचा, एक थेंब ठीक. पण प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला तो अजिबात लावू नका. एबीएस या कडक प्लास्टिकला त्याने ताणाच्या जागी बारीक भेगा पडतात आणि काही दिवसांनी पाया स्क्रूभोवती फुटतो. स्प्रिंग वायसरही प्लास्टिकवर नको, तो रुततो. रुंद कडेचा साधा वायसर घाला.

दुसरा सांधा, घडी. तुमच्या गाडीत ७० च्या पुढेच त्रास होतो, म्हणून पायाच्या खालोखाल माझा संशय इथे आहे. आरशाचं तोंड साधारण १७ बाय १२ सेंटिमीटर धरलं तर ८० च्या वेगाला वारा त्याला जवळजवळ ६०० ग्रॅम वजनाइतका मागे ढकलतो आणि १०० च्या वेगाला साधारण ९५० ग्रॅमइतका. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. समोरून ट्रक गेला की त्याचा झटका वेगळा. हे सगळं एकच स्प्रिंग झेलते. आरसा मिटवताना जो ‘खट’ आवाज येतो, तो त्या स्प्रिंगने दात खाचेत दाबून धरल्याचा. ‘खट’ मऊ झाला किंवा गायब झाला की समजा, एक तर स्प्रिंग बसली किंवा तिच्याखालचं प्लास्टिक दबलं.

घडीचा बोल्ट कधी पायाच्या खालून दिसतो, कधी काच काढल्यावर डोक्याच्या आत. नट असेल तर पाव-पाव फेरा देऊन दर वेळी आरसा मिटवून बघा. एका हाताने, थोडा जोर लावून मिटला पाहिजे. नट संपेपर्यंत आवळूनही ढिलाच असेल तर स्प्रिंगखाली एक ते दीड मिलिमीटर जाडीचा स्टीलचा वायसर घाला, स्प्रिंगचा गेलेला दाब त्याने परत मिळतो. स्प्रिंग मोकळी करताना डोळ्यांवर चष्मा हवाच आणि सगळं फडक्याखाली करा. दाबलेली स्प्रिंग सुटली की कुठे जाईल सांगता येत नाही. घडी नटाऐवजी दाबून बसवलेल्या पत्र्याच्या चकतीवर अडकवलेली असेल तर ती उघडल्यावर पुन्हा तितकी घट्ट बसतेच असं नाही. तिथे मोठ्या सॉकेटने स्प्रिंग दाबून धरणारा दुसरा माणूस लागतो.

घडी कधीही चिकटवू नका आणि आरपार स्क्रू मारून कायमची जाम करू नका. रस्त्यावर ही ‘पक्की’ दुरुस्ती सर्रास करून मिळते. आरसा मिटतो तो पार्किंगच्या सोयीपुरता नाही. माणसाच्या कोपराला किंवा दुचाकीच्या हँडलला लागला तर तो मागे झुकावा म्हणूनच ही घडी आहे. जाम आरसा समोरच्याचं हाड मोडू शकतो आणि आपल्या दाराचा पत्राही उपटतो. डब्ल्यूडी-४० सुद्धा इथे मारू नका. ढिला सांधा त्याने आणखी घसरतो आणि धूळ धरतो.

चेंडू-वाटी आणि काच या दोन्हींसाठी काच बाहेर काढावी लागते. काचेवर आधी मास्किंग टेपच्या तीन-चार आडव्या पट्ट्या लावा, फुटलीच तर तुकडे पडणार नाहीत. हातमोजे घाला. काचेचा वरचा भाग आत दाबून खालची कड बाहेर आणा, गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन मिनिटं धरा आणि लाकडी चमचा घालून प्लेट सावकाश स्वतःकडे ओढा. जानेवारीच्या सकाळी गार गाडीवर हे करू नका, गारठलेल्या क्लिपा काडीसारख्या मोडतात.

बऱ्याच जुन्या आरशांत वाटीच्या मध्यावर एक स्क्रू आणि त्यावर छोटी स्प्रिंग असते. पाव फेरा आवळा आणि तपासा. वाटी झिजून स्क्रू पुरेनासा झाला असेल तर सायकलच्या ट्यूबचा नाण्याएवढा तुकडा चेंडू आणि वाटीच्या मध्ये घाला. इथे घर्षण हवं आहे, म्हणून तेल, ग्रीस, टेफ्लॉन टेप यांतलं काहीही नको.

काच प्लेटपासून सुटली असेल तर जुना चिकट थर पूर्ण खरवडा आणि दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. मग साधारण एक मिलिमीटर जाडीची, बाहेर वापरायची दुहेरी फोम टेप घ्या, थ्रीएमची व्हीएचबी किंवा तशीच. काच जेमतेम १०० ग्रॅमची. १२ मिलिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर लांब अशा चार पट्ट्या तिला भरपूर होतात. पट्ट्या उभ्या लावा. आडव्या लावल्या की पावसाचं पाणी त्यांच्यावर साचून राहतं आणि आरशाची पाठ काळी पडते. प्रत्येक पट्टीवर पंधरा सेकंद दाब द्या. टेपला पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात, तोवर गाडी धुऊ नका. प्लेटच्या मागे ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलिन प्लास्टिक) असा छाप असेल तर टेप जेमतेम धरेल. त्या प्लास्टिकसाठीचा प्रायमर आधी लावावा लागतो.

सिलिकॉन वापरणार असाल तर नळीचं झाकण उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते आरशाला लावू नका. त्यातलं आम्ल पाठीचा मुलामा खातं आणि काही महिन्यांत कडेपासून काळे डाग आत सरकतात. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. फेविक्विकही नको: ठिसूळ असतं, थरथरीने सुटतं आणि त्याच्या वाफेचा पांढुरका थर काचेवर बसतो.

काच फुटलीच असेल तर तिचा कागदी साचा घेऊन काचवाल्याकडे जा आणि दोन मिलिमीटरची मागा. तीनची प्लेटच्या कडेत बसत नाही. आधी जुनी काच सपाट आहे की फुगीर, हे तिच्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहा. पट्टी मधोमध टेकून टोकांना फट दिसली तर ती फुगीर. तिच्या जागी सपाट लावली तर दिसणारा रस्ता अरुंद होतो आणि शेजारची दुचाकी नजरेआड राहते.

घराला, म्हणजे बाहेरच्या कवचाला चीर असेल तर आतला छाप वाचा. ‘एबीएस’ असेल तर चिरेच्या टोकाशी दोन मिलिमीटरचं भोक पाडा, चीर तिथे थांबते. मग त्याच प्लास्टिकचे तुकडे शुद्ध ॲसिटोनमध्ये मधासारखे घट्ट विरघळवा आणि आतून लावा. पण घडीचा दांडाच मोडला असेल तर चिकटवण्यात वेळ घालवू नका. सगळा भार तिथे येतो आणि चिकटवलेला दांडा चालत्या गाडीत सुटला तर मागच्या दुचाकीस्वारावर जाईल.

तेव्हा मात्र बदलाच. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे जुना मूळ आरसाही मिळू शकतो. आपला जुना आरसा बरोबर न्या, भोकांचं अंतर एकावर एक ठेवून जुळवा, आतली दांडी असलेला हवा की नको ते बघा. पाया मुठीत धरून दुकानातच पाच वेळा मिटवा-उघडा, ‘खट’ प्रत्येक वेळी सारखा आला पाहिजे. नवीन नक्कल घ्यायची असेल तर दोन्ही हातांत एकेक धरून वजन जोखा. फार हलकी असेल तर पायात धातूचा तुकडा नाही असं समजा.

बसवून झाल्यावर दारावर पाइपने पाणी मारा आणि त्रिकोणी कव्हर लावण्याआधी आतला पत्रा बोटाने तपासा, ओल आली तर पॅकिंग पुन्हा बसवा. नवीन रबर पहिल्या काही दिवसांत दबतं, म्हणून कव्हरच्या क्लिपा लगेच ठोकून बसवू नका. शे-दीडशे किलोमीटर चालवून पायाच्या सगळ्या स्क्रूंना पुन्हा एकदा स्क्रूड्रायव्हर लावा, जेमतेम पाव फेरा जाईल, मग कव्हर दाबून टाका.